लोकरीचा चेंडू : सहा पाकळ्यांचा पाठ

(हस्तव्यवसाय : इयत्ता चौथी)

लहान मुलाच्या हाती प्रथम जी खेळणी येतात, त्यांत चेंडूचे स्थान मोठे आहे. मऊ चेंडू टोचत नाही, फुटत नाही आणि हातातून सुटला की मुलास आपल्यामागे धावावयास लावतो. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल ह्यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे बालशिक्षणाच्या कार्यास आरंभ केला. बालकांसाठी त्यांनी योजलेले पहिले साधन म्हणजे लोकरीचे सहा मऊ चेंडू होत : तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा व जांभळा. असा चेंडू चौथीच्या मुलांस स्वतः विणता येतो आणि गावातील अंगणवाडीच्या बालकांस देता येतो. विणकाम हे मुलींचेच काम, ही समजूत वर्गात रुजू देऊ नये. सुया मुलगे व मुली ह्या दोघांच्याही हाती द्याव्यात.

साहित्य : मध्यम जाडीची लोकर, नऊ किंवा दहा नंबरच्या दोन सुया, लोकर ओवण्याची बोथट सुई, कात्री व पट्टी. नवी लोकर न मिळाल्यास जुना स्वेटर उसवावा. उसवलेल्या लोकरीची लडी करून ती पाण्यात भिजवून वाळविली म्हणजे तिचा पीळ सरळ होतो. लोकर ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावी. रंग उतरल्यास ती घेऊ नये.

कृती : चेंडू सहा सारख्या पाकळ्यांचा होतो. सहा मुलांचा एक गट करून प्रत्येकाने एक पाकळी विणावी. सर्व ओळी सुलट टाक्यांच्या असाव्यात.

१. सुईवर २ टाके घालावेत व २ ओळी विणाव्यात.

२. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या व अठराव्या ओळीच्या आरंभी एकेक टाका वाढवावा. त्यासाठी पहिला टाका विणल्यावर तो डाव्या सुईवरून न काढता त्याच्याच मागील बाजूतून पुन्हा एकदा विणावा. अठराव्या ओळीअखेर सुईवर ८ टाके होतात.

३. एकोणिसाव्या ओळीपासून तिसाव्या ओळीपर्यंत ८ टाके कायम ठेवावेत.

४. एकतिसाव्या, चौतिसाव्या, सदतिसाव्या, चाळिसाव्या, त्रेचाळिसाव्या व सेहेचाळिसाव्या ओळीच्या आरंभी पहिले दोन टाके एकत्र विणावेत. पुन्हा २ टाके उरतात. अठ्ठेचाळीस ओळी पूर्ण झाल्यावर टाके बंद करावेत.

पाकळीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर भरते. घट्ट विणणाऱ्याची पाकळी आखूड व सैल विणणाऱ्याची लांब होते. म्हणून पट्टीने मोजून सारख्या लांबीच्या पाकळ्या एका चेंडूस घ्याव्यात. पाकळ्या कडेस कड लावून शिवाव्यात. शेवटची शिवण अर्धी उघडी ठेवून आत लोकरीचे तुकडे किंवा धुऊन वाळविलेल्या चिंध्या भराव्यात. नुसता कापूस धुतल्यावर गोळा होऊन बसतो. भरण झाल्यावर शिवण पुरी करावी, दोन्ही टोकांतून दोरा ओवून आवळावा व त्याचे शेवट आत दडवावेत.

गणिताचा संबंध : सुलट विणीत दोन ओळींची मिळून एक उभार रेघ दिसते, जणू शेतातील वरंबाच. असे २४ वरंबे मोजले की ४८ ओळी झाल्या. विणताना मुलाने पाटीवर प्रत्येक ओळीस एक रेघ ओढावी. प्रत्येक ओळीअखेर सुईवर असलेले टाके मांडून बेरीज करावयास सांगावी. ती २६४ येते. सहा पाकळ्यांचे टाके १५८४ होतात. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षणाचा जो विचार मांडला, त्याचा प्रत्यय अशा लहान कामातही येतो.

चूक झाल्यास : एका पाकळीत चार ओळी कमी भरल्या, तर ती शेजारच्या पाकळ्यांस ओढते, चेंडू एका अंगाने चेपतो आणि सरळ गडगडत नाही. एकाची चूक अशा रीतीने पाचांच्या श्रमास बाधते. नवशिक्याचे टाके बहुधा कडेस वाढतात, कारण पहिला टाका विणताना धागा सुईवरून मागे ओढला गेला तर एका टाक्याचे दोन दिसू लागतात. मग मूल न कळत दोन्ही विणते. चूक दिसताच शिक्षकांनी सुया आपल्या हाती घेऊन ती दुरुस्त करू नये. "येथे किती टाके हवेत?" असे विचारावे, मुलासच मोजू द्यावे आणि चुकीच्या ओळीपर्यंत त्यालाच उसवू द्यावे. उसविण्यात लाज नाही, हे शिक्षकांच्या वागण्यातून त्यास कळावे.

दक्षता : हा चेंडू ज्याच्या हाती जाणार, ते बालक हाती येईल ते तोंडात घालते. म्हणून त्यास बटण, मणी, टिकली किंवा लोंबता दोरा लावू नये. प्रत्येक शिवण बोटांनी ओढून पाहावी. सुया मोजून द्याव्यात व मोजून परत घ्याव्यात. एक जरी सुई कमी भरली, तरी ती सापडेपर्यंत एकही चेंडू वर्गाबाहेर जाऊ देऊ नये. आवश्यक तर भरण काढून पाहावे.

तयार चेंडू प्रथम वर्गातील सपाट फरशीवर सोडून पाहावा. तो सरळ गेला की सहाही जणांनी मिळून तो अंगणवाडीत नेऊन द्यावा. गुण देताना चेंडूच्या देखणेपणाबरोबर मुलाची पाटीही पाहावी. ज्याने आपली चुकलेली पाकळी स्वतः ओळखली, उसविली व पुन्हा विणून गटास दिली, त्यास हा पाठ पूर्ण आला असे समजावे.