कापूस, जीन आणि कामाचे तास

आपल्या खानदेशाला कापूस काही नवा नाही. काळी जमीन आणि कपाशी यांचं नातं फार जुनं आहे. पण याच कापसानं आपल्याला दूरच्या अमेरिकेशी जोडलं. त्यातून आपल्या मजुरांच्या वाट्याला काय आलं, ते आज आपण पाहू.

यंत्र आले, कष्ट वाढले

वेचलेल्या कापसात सरकी असते. सरकी काढली की रुई होते. पूर्वी बाया घरी बसून हाताच्या चरकीवर सरकी काढीत. 1793 साली अमेरिकेत एली व्हिटनी नावाच्या माणसाने सरकी काढण्याचे यंत्र केले. त्यालाच आपण जीन म्हणतो.

यंत्र आले म्हणजे कष्ट कमी होतील, असे कोणालाही वाटेल. झाले उलटेच. सरकी झटपट निघू लागली, म्हणून मळेवाल्यांनी आणखी कापूस लावला. जास्त कापसाला जास्त हात लागले. ते हात गुलामांचे होते. आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं आणि त्यांची लेकरं मळ्यांत राबत. त्यांना मजुरी नव्हती. बाजारात बैल विकावा तसे त्यांना विकीत. 1860 साली अमेरिकेत असे सुमारे 40 लाख गुलाम होते.

1861 साली त्या देशात उत्तरेचे आणि दक्षिणेचे युद्ध पेटले. उत्तरेने दक्षिणेची बंदरे अडवली. इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. मग त्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. मुंबईच्या बाजारात भाव किती तरी पट चढला. त्याच सुमारास खानदेशात आगगाडीचे रूळ पडत होते. कापसाच्या गाठी गाडीत भरायच्या आणि मुंबईला धाडायच्या, अशी सोय झाली.

1865 साली युद्ध संपले. गुलाम कायद्याने मोकळे झाले. ही फार मोठी गोष्ट झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले आणि ते अमेरिकेतल्या गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केले. पण युद्ध संपताच इकडे कापसाचा भाव उतरला. चढत्या भावाच्या भरवशावर ज्यांनी कर्ज केले होते, ते अडकले. भाव गेला, कर्ज राहिले.

अमेरिकेत पैशाचे राज्य

युद्धानंतर अमेरिकेत कारखाने भराभर वाढले. 1869 साली आगगाडी या समुद्रापासून त्या समुद्राकडे जाऊ लागली. तेल, पोलाद आणि रेल्वे यांत मूठभर लोक अफाट श्रीमंत झाले. रॉकफेलर यांच्या कंपनीच्या हाती देशातले बहुतेक सगळे तेल शुद्ध करण्याचे काम गेले. खाणींत आणि गिरण्यांत लहान मुलेही राबत होती.

कायदे करणाऱ्यांना रेल्वे कंपन्या फुकट प्रवासाचे पास देत. मतदान गुप्त नव्हते. कोणी कोणाला मत दिले, हे सर्वांना दिसे. मग मालकाविरुद्ध मत देण्याची छाती कोणाची होणार? 1888 नंतर एकेका राज्यात गुप्त मतदान आले, तेव्हा गरिबाच्या मताला थोडी ताकद आली. 1886 च्या मे महिन्यात मजुरांनी "आठ तास काम" ही मागणी लावून धरली. शिकागो शहरात त्यासाठी रक्त सांडले. 1 मे हा कामगार दिन त्याच लढ्याची आठवण आहे.

खानदेशच्या जिनांतील मजूर

आता आपल्या घरी येऊ. 1874 च्या सुमारास जळगावला कापडाची गिरणी सुरू झाली. जीन आणि प्रेसही जागोजागी उभे राहिले. जीन म्हणजे सरकी काढायचा कारखाना आणि प्रेस म्हणजे गाठी दाबायचा.

या जिनांत काम कसे चाले? 1884-85 साली मुंबई सरकारने एक चौकशी मंडळ नेमले होते. खानदेशात स्वतःचा जीन असलेल्या एका माणसाची तिथे साक्ष झाली. तो मालकच होता, तेव्हा मजुरांच्या बाजूने वाढवून सांगण्याचे त्याला कारण नव्हते. त्याने सांगितले ते असे. मजूर बहुतेक बाया. एरवी त्या पहाटे चार-पाचला कामावर येत आणि रात्री सात, आठ, नऊ वाजता सुटत. हंगाम भरात आला की तीच माणसे सलग आठ आठ दिवस, रात्रंदिवस काम करीत. ज्या घरी जात, त्या पहाटे तीनलाच दाराशी येऊन बसत. चारला दार उघडेल तेव्हा उशीर व्हायला नको, म्हणून. पहाटे चार ते रात्री दहा, म्हणजे अठरा तास. त्याची मजुरी तीन-चार आणे. माणसे पार थकली की नवी घेत. इतके काम करणारी माणसे पुष्कळदा मरत, हेही त्यानेच सांगितले.

वाचकहो, तिकडे गुलामाला साखळी होती. इथे साखळी नव्हती. पण घरी चूल पेटायची तर हे तीन आणे हवेतच, ही अडचण साखळीहून काय कमी?

कायदा होता, पण भोके होती

त्या वेळी कायदा नव्हता असे नाही. 1881 साली कारखान्यांचा पहिला कायदा झाला होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचे नाही, असे त्यात होते. पण तो लागू कोणाला? जिथे 100 किंवा जास्त माणसे आणि वर्षात चार महिन्यांहून जास्त काम, अशाच कारखान्यांना. आपले जीन हंगामापुरते चालत आणि तिथे माणसेही कमी असत. म्हणून बहुतेक जीन कायद्याबाहेर राहिले. बायांच्या कामाच्या तासांना तर त्या कायद्यात काहीच हद्द नव्हती.

मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे हे फुल्यांचे सहकारी मजुरांसाठी उभे राहिले. 1884 च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, या त्यांच्या मागण्या. साडेपाच हजार कामगारांनी त्या अर्जावर आपली नावे घातली. 1890 च्या जूनमध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी कबूल केली. ती कोणी आपणहून दिली नाही, मागून मिळाली.

1891 च्या कायद्याने बायांचे काम दिवसाला 11 तासांवर आणले. 1911 साली हंगामी कारखानेही कायद्यात आले. त्याच कायद्याने बायांना रात्रपाळी बंद केली. पण जीन आणि प्रेस तेवढे वगळले! म्हणजे जिथे रात्री बाया जास्त राबत, तिथेच सूट. ही सूट 1922 साली गेली. 1948 च्या कायद्यात दिवसाला 9 तास आणि आठवड्याला 48 तास अशी हद्द ठरली. कामाच्या वेळा मजुरांना समजेल अशा भाषेत पाटीवर लावाव्या, असेही त्यात आले.

आपण काय शिकायचे?

1881 पासून 1948 पर्यंत 67 वर्षे गेली. जिनाच्या दाराशी पहाटे तीनला बसणाऱ्या त्या बाया हे पाहायला उरल्या नाहीत. कायदे पुढेही बदलत आले आणि बदलत राहतील. म्हणून नुसता "कायदा आहे" एवढे ऐकून स्वस्थ बसू नये. तो कोणाला लागू आणि कोणाला नाही, हे विचारावे. पाटी स्वतः वाचावी. हजेरीच्या वहीत आपले दिवस बरोबर मांडलेत का, ते बोट ठेवून पाहावे. वाचल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नये. आम्ही तुम्हाला अक्षरे शिकवतो ती नुसती पोथी वाचायला नाहीत, यासाठीही आहेत.

विचार करा आणि बोला

1. यंत्र आल्यावर अमेरिकेतल्या गुलामांचे कष्ट का वाढले?
2. 1881 चा कायदा खानदेशातल्या बहुतेक जिनांना का लागू झाला नाही?
3. गुप्त मतदान गरिबाला का हवे?
4. तुमच्या गावात कापूस वेचणीची मजुरी कशी ठरते? ती कोण लिहून ठेवतो? तुम्ही ती वाचून पाहिली आहे का?