गोल्फ कोर्सवर पहिल्यांदा जाताना

प्रश्न : मी आष्टीचा, सध्या नोकरीसाठी पुण्यात. साहेबांनी रविवारी येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर खेळायला बोलावलंय. स्टिक कधी हातात धरलेली नाही. हसं होईल का?
– एक वाचक, आष्टी (जि. बीड)

उत्तर : फटका चुकला म्हणून कुणी हसत नाही, रेंगाळणाऱ्यावर मात्र सगळेच वैतागतात. 18 होलच्या फेरीला चार तास सहज लागतात आणि मागचा गट तुमच्यासाठी खोळंबतो. म्हणून पाळी येण्याआधीच स्टिक निवडून ठेवा. हरवलेला चेंडू शोधायला 2019 पासून तीनच मिनिटं मिळतात.

पिशवीत 14 स्टिक चालतात; तुम्हाला पाच-सहा पुष्कळ झाल्या. कुदळ मारल्यासारखा जोर लावू नका. डोकं स्थिर, नजर चेंडूवर. चेंडू जेमतेम 42.67 मिलिमीटरचा, ताकद लावाल तेवढा तो वाकडा जातो. शनिवारी एखाद्या ड्रायव्हिंग रेंजवर (फटक्यांच्या सरावाच्या जागी) तासभर हात बसवा.

ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, दुसऱ्याच्या चेंडूपासून होलपर्यंतच्या रेषेवर पाय देऊ नका. अनुभवी खेळाडूला खरा राग येतो तो याचाच. वाळूतून चेंडू काढलात की दाताळ्याने वाळू सारखी करा. चेंडू कुणाच्या अंगावर चालला, तर लाजू नका, मोठ्याने ‘फोर!’ ओरडा.

कॉलरचा टी-शर्ट घाला, जीन्स नको. पाहुण्यांची फी कोण भरणार, हे साहेबांना आधीच विचारून घ्या. आणि स्टिकची पिशवी सांभाळणारा कॅडी सांगेल ते ऐका. मैदान त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.