रानातील अळंबी आणि अमानिटा कुल : ओळख व दक्षता

पावसाची पहिली मोठी झड ओसरली की बांधावर, झाडांखाली आणि वारुळांच्या आसपास अळंबी उगवू लागते. कोकणात, गोव्यात, झारखंडात आणि ईशान्य भारतात ती अनेक घरांचे हक्काचे अन्न आहे. म्हणून ‘रानातील काहीच खाऊ नका’ एवढेच सांगून भागत नाही. अळंबीच्या एका कुलाची ओळख मात्र प्रत्येक घराला असलीच पाहिजे. ते कुल अमानिटाचे.

एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातील विषारी अळंबी खाल्ल्याने १३ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील बहुतेक जण चहामळ्यांच्या वस्त्यांत राहणारे होते. त्याआधी २०२० मध्ये मेघालयातील पश्चिम जैंतिया हिल्स जिल्ह्यातही अशीच घटना घडली होती.

अमानिटाची छत्री उलटी करून पाहा. खाली पुस्तकाच्या पानांसारखे दाटीने उभे पापुद्रे दिसतात. त्यांना कल्ले म्हणतात. या कुलात ते बहुधा पांढरे असतात आणि देठाला चिकटलेले नसतात. देठाच्या वरच्या भागाभोवती अनेकदा पातळ पडद्याचे वळे असते. सर्वांत महत्त्वाची खूण मात्र मातीत दडलेली असते : देठाचे फुगीर टोक आणि त्याभोवतीची फाटक्या पिशवीसारखी वाटी. अळंबी विळ्याने कापली किंवा वरून खुडली, तर ही वाटी जमिनीतच राहते आणि टोपलीत केवळ एक देखणी पांढरी किंवा फिकट हिरवट छत्री येते. वळे गळून पडू शकते, टोपीवरील खवले पावसाने धुऊन जातात. कोवळ्या अवस्थेत तर सगळी अळंबी एका पांढऱ्या अंड्यात बंद असते. ते उभे चिरल्यास आत टोपी आणि देठाची आकृती दिसते.

या खुणा धोका ओळखण्यासाठी आहेत, निर्धोकपणाची खात्री देण्यासाठी नाहीत. अमानिटाच्या काही जाती खाल्ल्याही जातात. म्हणूनच एका प्रदेशात मिळवलेला अनुभव दुसऱ्या प्रदेशात घात करू शकतो. चांदीचे नाणे किंवा लसूण काळा पडणे, किडीने अळंबी खाल्लेली असणे, चव गोड असणे, यांपैकी एकही कसोटी खरी नाही. सर्वांत घातक जातींमधील अमाटॉक्सिन हे विष शिजवल्याने, वाळवल्याने किंवा उकळलेले पाणी फेकून दिल्याने नष्ट होत नाही. अशी एक मध्यम आकाराची छत्रीही प्रौढ माणसाचा जीव घेऊ शकते. बालकांना धोका अधिक.

या विषाची गती फसवी असते. जेवणानंतर साधारणतः ६ ते १२ तास, कधी त्याहून अधिक काळ, काहीच जाणवत नाही. मग पोटात तीव्र कळा, उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते थांबतात, रुग्णाला हुशारी वाटते आणि घरचे निर्धास्त होतात. नेमक्या याच काळात यकृताच्या पेशींतील प्रथिननिर्मिती बंद पडून त्या मरत असतात. डोळे पिवळे दिसू लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. जुलाब थांबले म्हणून रुग्णाला घरी ठेवणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक होय.

या विषावर खात्रीचा उतारा नाही. वेळेवर दिलेले सलाईन, यकृताला आधार देणारी औषधे आणि गंभीर अवस्थेत यकृत-प्रत्यारोपण एवढेच मार्ग आहेत. म्हणून शंका येताच, लक्षणांची वाट न पाहता, १०८ क्रमांकावर संपर्क साधा किंवा थेट रुग्णालय गाठा. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. त्रास जेवणानंतर लगेच सुरू झाला, तरीही ‘हे साधे अजीर्ण’ असे समजू नका. एकाच टोपलीत निरनिराळ्या जातींची अळंबी असू शकते.

निवडताना टाकलेले तुकडे, उरलेली भाजी आणि शक्य असल्यास मुळाच्या मातीसह उकरलेली एक अळंबी कागदात गुंडाळून सोबत न्या. प्लास्टिकच्या पिशवीत ती लवकर सडते. किती वाजता खाल्ली आणि कोणकोणी खाल्ली, हे डॉक्टरांना सांगा. एकाच भांड्यातून जेवलेल्या सर्वांची तपासणी करून घ्या, ज्यांना अद्याप काहीही होत नाही त्यांचीसुद्धा.