रात्रीचा मोर्चा

मुलांनो, दादरहून परळ, लालबाग, भायखळा असा दक्षिणेकडे जाणारा रस्ता तुमच्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा असेल. गणेशोत्सवात तेथे मुंगीलाही वाट मिळत नाही. गिरण्यांचे भोंगे वाजत असत त्या काळी कामगारांचे किती मोर्चे या भागातून गेले, याची गणती नाही. परंतु १२ मार्च २०१८ रोजी, उजाडण्यापूर्वी, येथून जो मोर्चा गेला तो काही निराळाच होता. मुंबई झोपेत असताना हजारो माणसे गाजावाजा न करता आझाद मैदानाकडे चालली होती. कित्येकांच्या पायांना फोड आले होते, कित्येकांच्या वहाणा झिजून गेल्या होत्या.

ही माणसे होती नाशिक, पालघर, ठाणे अशा जिल्ह्यांतील शेतकरी. त्यांत फार मोठा भरणा आदिवासींचा होता. अखिल भारतीय किसान सभेच्या झेंड्याखाली ते ६ मार्चला नाशिकहून निघाले. कसारा घाट उतरून, सुमारे १८० किलोमीटर अंतर त्यांनी सहा दिवसांत पायी तोडले. शिधा घरूनच आणलेला. तो टेंपोतून पुढे जाई आणि मुक्कामावर चुली पेटत. मोर्चाच्या पुढाऱ्यांत जिवा पांडू गावित हे स्वतः आदिवासी. सुरगाण्याच्या डोंगराळ मुलखातून ते १९७८ साली प्रथम विधानसभेवर निवडून आले होते.

एवढे कष्ट कशासाठी? जमिनीसाठी. आदिवासी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या रानातील ज्या तुकड्यावर नाचणी, वरई, भात पिकवीत आली, तो तुकडा सरकारी दप्तरात त्यांच्या नावावर नव्हता. दप्तराच्या दृष्टीने ते वनखात्याच्या जमिनीवरील अतिक्रमण होते. शेतकऱ्याजवळ सातबारा नसला की पीककर्ज मिळणे कठीण, आणि अवकाळी पावसाने पीक गेले तर भरपाई मागावयाची तरी कशाच्या आधारावर?

हा अन्याय दूर करण्यासाठी संसदेने २००६ साली वनहक्क कायदा केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कुटुंब जी वनजमीन कसत असेल, तिच्यावर चार हेक्टरांच्या मर्यादेत त्या कुटुंबाचा हक्क मान्य करावा, असे या कायद्याने ठरविले. पण हक्क मागावयाचा तर पुरावा हवा. ज्याला आयुष्यात कधी कागद मिळाला नाही, त्याने कागद आणावा कोठून? येथे एक गमतीची गोष्ट घडली. पूर्वी वनखात्याने ‘बेकायदा नांगरणी केली’ म्हणून आजोबांना दंड केला असेल, तर त्या दंडाची जुनी पावतीच आता नातवाच्या कामी येऊ लागली. आजोबा तेव्हा ती जमीन कसत होते, हे तिच्यावरून सिद्ध होई. गावातील वृद्धांची साक्षही ग्राह्य मानली गेली. अर्ज भरणे, नकाशा वाचणे, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घेणे, कचेरीत जाऊन ‘आमचा दावा कोठे अडला?’ असे विचारणे, ही कामे घरात प्रथमच शाळा शिकलेल्या मुलामुलींवर येऊन पडली. भाषण करणारा पुढारी आपल्याला चटकन दिसतो. ही मंडळी दिसत नाहीत, पण माझ्या मते पुढारीपण तेच.

इतके करूनही असंख्य दावे फेटाळले गेले किंवा कचेऱ्यांतून पडून राहिले. ज्यांना पट्टा मिळाला, त्यांतही अनेकांच्या पट्ट्यावर कसत्या जमिनीपेक्षा कमी जमीन लिहिलेली निघाली. म्हणून हा मोर्चा. कर्जमाफीसारख्या इतर मागण्याही त्यात होत्या.

११ मार्चच्या संध्याकाळी मोर्चा शीवजवळच्या सोमय्या मैदानावर विसावला. सकाळी उठून विधानभवनाकडे निघावे, असा बेत होता. परंतु दुसऱ्या दिवशी दहावीच्या परीक्षेचा पेपर होता. तीस-चाळीस हजार माणसे सकाळी रस्त्यावर उतरली असती, तर मुले परीक्षेला पोहोचणार कशी? दिवसभर उन्हात चाललेल्या त्या माणसांनी झोपेवर पाणी सोडले आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा वाट धरली. मुंबईकर जागे होऊन पाहतात तो मोर्चा आझाद मैदानावर पोहोचलेला! ज्यांच्यासाठी हे केले, ती मुले त्यांच्या ओळखीचीही नव्हती. मुंबईनेही मग हात आखडता घेतला नाही. कोणी पाणी आणले, कोणी बिस्किटे, कोणी वहाणा. डबेवाल्यांनी जेवण पुरविले.

त्याच दिवशी सरकारने पुढाऱ्यांशी बोलणी केली आणि बहुतेक मागण्या लेखी मान्य केल्या. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकालात काढू, असेही वचन दिले. लोक खास आगगाड्यांनी घरी परतले.

सहा महिने गेले, वर्ष होत आले, तरी पुष्कळ दावे तसेच राहिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये लोक पुन्हा नाशिकहून निघाले व नवे लेखी आश्वासन घेऊन थांबले. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून आणखी एक मोर्चा निघाला. या वेळी सरकारशी बोलणी झाल्यावरही ते लगेच मागे फिरले नाहीत. आदेश प्रत्यक्ष निघेपर्यंत शहापूर तालुक्यातील वाशिंद येथे त्यांनी तळ ठोकला, आणि तेथेच चुली पेटविल्या.