युरोप पहिल्या पानावर कधी येतो?

ब्रसेल्समध्ये माझी नोकरी वर्तमानपत्रं वाचण्याची होती. पहाटे उठून निरनिराळ्या देशांची दैनिकं चाळायची, युरोपीय संघाविषयी कुठे काय छापून आलंय त्याची टिपणं काढायची आणि कचेरी भरायच्या आत वरिष्ठांच्या टेबलावर ठेवायची. इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन माझ्याकडे, बाकीच्या भाषा सहकाऱ्यांकडे. पुण्यात आले की कुणीतरी हमखास विचारतं, 'माध्यमांनी युरोप जोडला की तोडला?' एका वाक्यात उत्तर देणं मला अजून जमलेलं नाही. म्हणून हे आठ मुद्दे.

१. शिखर परिषदेतून हरून कुणीच येत नाही.
जुलै २०२० मध्ये करोनाकाळातल्या आर्थिक मदतीवर सत्तावीस देशांचे प्रमुख चार दिवस, चार रात्री भांडत बसले. शेवटी ७५० अब्ज युरोंच्या निधीवर पहाटे तडजोड झाली. परिषद उठली की प्रत्येक नेता आपापल्या देशाच्या पत्रकारांना वेगळा भेटतो आणि त्यांच्याशी आपल्या भाषेत बोलतो. मग पेपर शेजारी शेजारी ठेवून पाहिले की गंमत कळते. इटलीत चर्चा २०९ अब्ज पदरात पाडल्याची, तर नेदरलँड्समध्ये संघाच्या वर्गणीत वाढीव सूट मिळवल्याची. तडजोड कुणी, किती केली हे मात्र दोन्हीकडे शोधावं लागतं. परिषदेची बातमी निदान दोन देशांच्या पेपरांत वाचल्याशिवाय मी तिच्याबद्दल बोलत नाही.

२. 'ब्रसेल्सने लादलं' असं वाचलं की आपला मंत्री तेव्हा कुठे होता ते बघावं.
कायद्याचा मसुदा युरोपीय आयोग मांडतो हे खरं. पण त्यावर शिक्का बहुतेक वेळा सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद आणि निवडून आलेली संसद उठवते. मंत्री तिथे होकार देतात, विमानाने घरी परततात आणि नियम लोकांना रुचला नाही की खापर ब्रसेल्सवर फोडतात. दोन्हीकडची खबर असलेला वार्ताहर हे उघडं पाडतो. पण ब्रसेल्सला माणूस ठेवणं छोट्या दैनिकांना परवडत नाही. मग मंत्र्याचं निवेदन हीच बातमी होऊन बसते.

३. थट्टेला खुलाशाने उत्तर देऊ नये.
बोरिस जॉन्सन १९८९ ते १९९४ या काळात 'डेली टेलिग्राफ'चे ब्रसेल्समधले वार्ताहर होते. युरोपातले बाबूलोक ब्रिटिश माणसाच्या ताटात नाक खुपसतात, अशा चटकदार बातम्यांचा प्रकार तेव्हा रुजला आणि त्यात जॉन्सन यांचा हात मोठा होता. केळ्याचंच घ्या. १९९४ च्या २२५७ क्रमांकाच्या नियमाने केळ्यांची प्रतवारी ठरवली. केळ्याला विचित्र बाक नसावा, असं त्यात एक कलम होतं. ब्रिटिश पेपरांत त्याचं झालं 'वाकड्या केळ्यांवर बंदी'. आयोग अशा बातम्यांची खंडनं वर्षानुवर्षं प्रसिद्ध करत राहिला. मी ती वाचली आहेत. बिनचूक आणि कंटाळवाणी. २०१६ च्या ब्रेक्झिट प्रचारात केळं पुन्हा हजर झालं, खंडन कुणाला आठवलंही नाही.

पोलंडने वेगळी वाट धरली. २००५ मध्ये फ्रान्समध्ये युरोपीय राज्यघटनेवर सार्वमत होतं. स्वस्तात राबून फ्रेंचांच्या पोटावर पाय आणणारा 'पोलिश प्लंबर' तेव्हा पेपरांतून आणि सभांमधून गाजत होता. सुमारे ५५ टक्के लोकांनी राज्यघटना नाकारली. त्यावर पोलंडच्या पर्यटन खात्याने एक देखणा प्लंबर पोस्टरवर उभा केला. मी इथेच राहतोय, तुम्हीच पोलंडला या, असा त्याचा आग्रह. लगेच त्या पोस्टरचीच बातमी झाली. बागुलबुवाला हसू फुटलं की त्याची भीती उरत नाही, हे दहा खुलाशांनी जमलं नसतं.

४. भाऊबंदकी पेटली म्हणजे बांधाला बांध लागलेला आहे.
ग्रीस कर्जात बुडाला तेव्हाची पानं आजही वाचवत नाहीत. फेब्रुवारी २०१० मध्ये जर्मनीच्या 'फोकस' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर व्हीनसच्या पुतळ्याला मधलं बोट दाखवायला लावलं. तिथल्याच 'बिल्ड' दैनिकाने ग्रीकांना बेटं विकून पैसे उभे करायला सांगितलं. पुढे अथेन्सच्या एका दैनिकाने जर्मन चान्सलर मर्केल यांना नाझी गणवेश चढवला. सगळा उघड हिणकसपणा.

पण त्याच पानांवर आणखी एक गोष्ट घडत होती. ग्रीक माणूस किती वर्षांचा असताना निवृत्त होतो, यावर जर्मन वाचक तावातावाने बोलत होते. ग्रीक वाचकाला जर्मन अर्थमंत्री शॉयब्ले यांचं नाव तोंडपाठ होतं, आणि बर्लिनच्या संसदेत मतदान कधी आहे तेही. ज्याच्या निर्णयाने आपल्या खिशाला चाट बसत नाही, त्याच्या संसदेकडे कुणी डोळे लावून बसत नाही. एकत्र असल्याची ही जाणीव कडू होती, पण कोणत्याही सरकारी जाहिरातीपेक्षा खरी होती.

५. युरोपचं वर्तमानपत्र काढून युरोपचा वाचक तयार होत नाही.
ब्रिटिश वृत्तपत्रमालक रॉबर्ट मॅक्सवेल यांनी १९९० मध्ये 'द युरोपियन' काढलं. १९९८ मध्ये ते बंद पडलं. आचार्य अत्र्यांनी १९५६ मध्ये 'मराठा' सुरू केला तेव्हा वाचक, त्याची भाषा आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी, हे तिन्ही आधीपासून होतं. पेपरने त्याला आवाज दिला. युरोपीय संघाच्या अधिकृत भाषाच चोवीस, आणि इंग्रजीत 'युरोपीय' म्हणून वाचणारा वर्ग अधिकारी, व्यापारी आणि विद्यार्थ्यांपुरता. स्ट्रासबुर्गची 'आर्ते' वाहिनी १९९२ पासून टिकून आहे, ती फ्रान्स आणि जर्मनीने करार करून सार्वजनिक पैशावर उभी केली म्हणून. जाहिरातदारांच्या भरवशावर ती एवढी टिकली असती असं मला वाटत नाही.

६. पेपर आपापले राहू द्यावेत, फाइल एक करावी.
ऑक्टोबर २०१७ मध्ये माल्टात डाफ्ने कारुआना गालिझिया या पत्रकार बाईंची गाडी बॉम्बने उडवली. फेब्रुवारी २०१८ मध्ये स्लोव्हाकियात पत्रकार यान कुत्सियाक आणि त्यांची वाग्दत्त वधू यांना राहत्या घरात गोळ्या घातल्या. स्लोव्हाकियात लोक रस्त्यावर उतरले आणि पंतप्रधान फित्सो यांना पायउतार व्हावं लागलं. माल्टातल्या डाफ्ने यांचं अर्धवट राहिलेलं काम निरनिराळ्या देशांतल्या पत्रकारांनी मिळून पुढे नेलं आणि एप्रिल २०१८ पासून आपापल्या पेपरांत छापलं. काळा पैसा सीमा मानत नाही, मग शोधणाऱ्यांनी का मानावी? मॅक्सवेलना जे एका पेपरने साधायचं होतं, ते इथे अनेक पेपरांनी आपली भाषा न सोडता साधलं.

७. शेजारच्या देशातला पेपर बंद पडला तर तो आपलाही प्रश्न असतो.
हंगेरीचं 'नेपसाबादशाग' हे मोठं दैनिक ऑक्टोबर २०१६ मध्ये अचानक बंद झालं. दोन वर्षांनी चारशेहून अधिक वृत्तपत्रं, वाहिन्या आणि संकेतस्थळं सरकारधार्जिण्या एकाच प्रतिष्ठानाच्या छत्राखाली गेली. त्या माध्यमांच्या बळावर निवडून आलेलं सरकार ब्रसेल्सच्या टेबलावर नकाराधिकार वापरायचं आणि तो डब्लिनच्या नागरिकालाही बांधायचा. माध्यमं ही ज्याच्या त्याच्या घरची बाब, असं संघ बराच काळ मानत आला. २०२४ मध्ये युरोपीय माध्यम स्वातंत्र्य कायदा झाला. चारशे माध्यमं एका हाती गेल्यावर आलेला कायदा मला उशिराच आलेला वाटतो.

८. कौतुकाने मतदार घराबाहेर पडत नाही.
युरोपीय संसदेची पहिली थेट निवडणूक १९७९ मध्ये झाली, मतदान सुमारे ६२ टक्के. त्यानंतर संसदेचे अधिकार वाढत गेले आणि मतदान मात्र घटत २०१४ मध्ये ४३ टक्क्यांच्याही खाली आलं. या काळात संघाने माहितीपुस्तिका काढण्यात हात कधी आखडता घेतला नाही. २०१९ मध्ये मतदान पन्नाशीच्या वर गेलं. मधल्या पाच वर्षांत निर्वासित, ब्रेक्झिट आणि हवामान या विषयांवरून देशोदेशीचे पेपर एकमेकांवर तुटून पडले होते. वाढीचं सगळं श्रेय पेपरांना देता येणार नाही. पण युरोपचं गुणगान करणारी पुरवणी आणि युरोपवर कडाडून भांडणारं पहिलं पान यांत निवड करायची झाली, तर मी पहिलं पान घेईन. अट एकच, त्यातलं केळं खरं असावं.