‘अनप्रूव्हन’ या शब्दाचा अर्थ

परळ-लालबाग भागातील माझ्या चिकित्सालयात एका रुग्णाने दुसऱ्या डॉक्टरांचा कागद पुढे केला. रक्तदाबासाठी मी दिलेल्या चूर्णापुढे तेथे ‘अनप्रूव्हन’ असा शेरा होता. "म्हणजे हे औषध खोटं का हो, डॉक्टर?" असा त्याचा प्रश्न होता.

खोटे ठरलेल्या गोष्टीस इंग्रजीत ‘डिस्प्रूव्ह्ड’ म्हणतात. ‘अनप्रूव्हन’ म्हणजे पुरेसा पुरावा पुढे आलेला नाही, एवढेच. मात्र कधीच न तपासलेले औषध आणि तपासूनही निष्कर्ष न निघालेले औषध, या दोहोंना हाच शब्द लावला जातो. त्यामुळे शेरा वाचून रागावण्यापूर्वी यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे विचारून घ्यावे.

मराठी प्रतिशब्द देताना आपली अडचण होते. ‘असिद्ध’ म्हटले तर फार्मसीत पाक कच्चा राहिलेले तेल डोळ्यांपुढे येते आणि न्यायशास्त्रात तर तो एक हेत्वाभास आहे. ‘अप्रमाणित’ शब्दाला सरकारी शिक्क्याचा वास येतो. आपण आवडीने ‘अद्याप सिद्ध न झालेले’ असे लिहितो. पण त्या ‘अद्याप’मध्ये पुढे सिद्ध होईलच, असे आश्वासन दडलेले असते. ‘सिद्ध न झालेले’ एवढेच पुरे.

सर्पगंधेचे उदाहरण आपल्याच परिसरातील आहे. कोलकात्यात गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्याविषयी लिहिले होते. पुढे परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. मूळ तेच होते. बदलली ती त्याच्याविषयीची माहिती. त्या माहितीत पुढे काही रुग्णांना येणाऱ्या मानसिक अवसादाचीही भर पडली, हे आपल्या व्याख्यानांत सहसा सांगितले जात नाही.

फार्मसीचालकांनी आणखी एक लक्षात ठेवावे. वेष्टनावर ‘क्लिनिकली प्रूव्हन’ छापणे म्हणजे पुरावा दाखवण्याची जबाबदारी स्वतःवर घेणे होय. शिवाय १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या परिशिष्टात रक्तदाब व मधुमेह हे दोन्ही विकार आहेत. तेथे औषध गुणकारी असले तरी रोग बरा करण्याची जाहिरात करता येत नाही.

त्या रुग्णाला मी सांगितले, "खोटं ठरलेलं नाही, पण रक्तदाब यानेच उतरतो, असा पुरावाही माझ्याकडे नाही. तुमची रोजची गोळी बंद करू नका." त्याने ती आठवडाभर घेतलीच नव्हती.