उलट्या पिसांच्या कोंबड्यांची पैदास



सोनिवली, बदलापूर, अंबरनाथ भागात परसात कोंबड्या पाळणाऱ्याने शोभेसाठी उलट्या पिसांची जोडी आणली, की त्याला साहजिकच वाटते, दोघांना एकत्र सोडले म्हणजे सगळी पिल्ले तशीच निघतील. नुकसान होते ते येथेच.

कोंबडीत बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात. एक नराकडून, एक मादीकडून आलेली. पिसे उलटी वळविणारी एकच प्रत आली, तर पिसे बाहेरच्या बाजूस सुरेख वळतात. दोन्ही प्रती तशाच आल्या, तर पिसे ठिसूळ होऊन तुटतात आणि पक्षी जवळजवळ उघडा पडतो. ऊब टिकविण्यासाठी तो जास्त खाद्य खातो. आपल्याकडील पावसाळ्यात असा पक्षी जगविणे कठीणच.

आता हिशेब पाहा. दोन्ही पक्षी उलट्या पिसांचे असतील, तर १२ पिल्लांत सरासरी ३ साधी, ६ हवी तशी व ३ उघडी निघतात. उलट्या पिसांच्या नराला साधी मादी दिली, तर ६ साधी व ६ हवी तशी. म्हणजे हवी ती पिल्ले दोन्हीकडे सहाच! मग तीन पिल्ले फुकट का घालवावीत? साधी निघालेली तलंग पुढच्या जोडीला उपयोगी पडते. क्वचित एखादा दुसरा जनुक उलटेपणा झाकून टाकतो. म्हणून साधी मादी शक्यतो निराळ्या कळपातील घ्यावी.

उन्हाळ्यात मात्र हीच पिसे कामाची ठरतात, कारण अंगातील उष्णता लवकर बाहेर पडते. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने उलट्या पिसांच्या देशी कोंबड्यांपासून ‘उपकारी’ व उघड्या मानेच्या कोंबड्यांपासून ‘हितकारी’ हे संकर तयार केले, ते याच गुणासाठी.

रेशमी पिसांचे गणित वेगळे आहे. तो गुण अप्रभावी असल्याने दोन्ही प्रती मिळाल्याशिवाय दिसत नाही. साध्या दिसणाऱ्या नराविषयी शंका असेल, तर त्याला रेशमी मादी द्यावी. तो वाहक असेल, तर सुमारे निम्मी पिल्ले रेशमी होतील. ८ पिल्ले झाली आणि एकही रेशमी नसेल, तर नर बहुधा शुद्ध समजावा. (काळी कातडी हा वेगळाच गुण; कडकनाथची कातडी काळी, पण पिसे साधी.) रेशमी पिसांतून पाणी आत झिरपते, म्हणून या पक्ष्यांना पावसात मोकळे सोडू नये.

नर बदलल्यावर पहिले तीन आठवडे अंडी उबवायला ठेवू नयेत, कारण आधीच्या नराचे बीज मादीच्या अंगात तितके दिवस टिकू शकते. पिल्लांच्या पायात रंगीत कडी घालून आई-बापाची नोंद वहीत करावी. पंखांची पिसे फुटू लागली, की उलटी पिल्ले ओळखू येतात. निवड तेव्हाच करावी.